एरर ६१९ ते ८०९: जुन्या कॉम्प्युटरचं कनेक्शन का लागत नाही, आणि दुरुस्ती नेमकी कोणी करायची?

'दादा, बाबांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन लागत नाही. एरर ८०९ येतो. हॉटस्पॉट तर फुल आहे!' अशा अर्थाचे मेसेज मला गेल्या काही महिन्यांत जास्त येऊ लागलेत. विचारणारे बहुतेक जण विशीतले. स्वतःचं सगळं काम मोबाईलवर करणारे. पण घरात किंवा दुकानात एखादा दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप असतो, त्यावर हिशेब असतात, आणि तो बंद पडला की 'तुला कळतं ना मोबाईलमधलं, बघ जरा' म्हणून यांनाच पुढे केलं जातं.

मी राहतो पंचवटीत. इथे हे चित्र गल्लोगल्ली दिसतं. दिंडोरी रोड आणि पेठ रोडच्या मार्केट यार्डातले गाळे, काळाराम मंदिराच्या आसपासचे लॉज, पंचवटी कारंजाजवळची झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मची दुकानं, जीएसटीचं काम करणाऱ्यांची छोटी ऑफिसं. वर्षानुवर्षं चाललेला जुना कॉम्प्युटर इथे 'चालतोय ना, मग चालू दे' या तत्त्वावर टिकून आहे. पण आता दोन तारखा जवळजवळ आल्यात आणि त्यामुळे हा विषय फक्त दुरुस्तीचा राहिलेला नाही.

दोन तारखा

पहिली तारीख मायक्रोसॉफ्टची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट देण्याची जी योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दुसरी तारीख आपल्या नाशिकची. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जाहीर वेळापत्रकाप्रमाणे रामकुंडावर ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला.

म्हणजे वाढीव अपडेट संपल्यावर अवघ्या १८ दिवसांनी सिंहस्थाचा ध्वज लागतो. लॉजचं बुकिंग, मालाची उलाढाल, ऑनलाईन व्यवहार वाढायची वेळ आणि कॉम्प्युटर सर्वात असुरक्षित असायची वेळ एकच. विंडोज ७ वाल्यांचं तर विचारूच नका, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. एक्सपीचा त्याच्याही आधी, ८ एप्रिल २०१४ ला.

डायल-अप आणि व्हीपीएन एकाच खिडकीत का?

जुन्या विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शनच्या खिडकीत डायल-अप, केबलवाल्याचं ब्रॉडबँड आणि व्हीपीएन हे तिन्ही शेजारी शेजारी दिसतात. एररचे नंबरही एकाच मालिकेतले, ६०० पासून पुढचे. हा योगायोग नाही.

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या माध्यमातून. टेलिफोनची वायर मोडेमला लावायची, नंबर फिरवायचा, मोडेम किंचाळल्यासारखा आवाज काढायचा आणि मग कनेक्शन. नंतरच्या काळातल्या चांगल्या मोडेमचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. तुमच्या मोबाईलमधला ४ एमबीचा एक फोटो त्यावर पाठवायला जवळपास दहा मिनिटं लागली असती.

या दोन टोकांमधली बोलणी ठरवणाऱ्या नियमांना पीपीपी म्हणतात. तू कोण, पासवर्ड काय, तुला कोणता पत्ता देऊ, ही विचारपूस पीपीपी करतो. पुढे ब्रॉडबँड आलं तेव्हा तोच पीपीपी केबलवरून चालवला, त्याला पीपीपीओई म्हणतात. यूएसबी डोंगल आलं तेव्हाही तेच. आठवत असेल तर त्यात *९९# किंवा #७७७ असा नंबर 'डायल' व्हायचा. आणि मायक्रोसॉफ्टने व्हीपीएन आणलं तेव्हा पीपीटीपी नावाने तोच पीपीपी इंटरनेटच्या आत बोगदा करून चालवला.

थोडक्यात, फोन लावायचा, ओळख पटवायची, पत्ता घ्यायचा, हा क्रम तीस वर्षं तोच आहे. म्हणून एरर वाचायची युक्तीही एकच: साखळी कोणत्या कडीला तुटली ते नंबर सांगतो.

कडी पहिली: तुमचं यंत्र आणि वायर

- ६८०: डायल टोन नाही. टेलिफोन लाईनच मेली आहे. पावसाळ्यात तांब्याच्या वायरच्या जोडात पाणी शिरलं की हे हमखास. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या किती वर पाणी चढलं ते आपण बघतो, पण जमिनीखालच्या जोडांत किती शिरलं ते कोणी बघत नाही.
- ६७६: समोरची लाईन बिझी.
- ६३३: मोडेम दुसऱ्या प्रोग्रॅमने पकडून ठेवलाय किंवा नीट सेट केलेला नाही. आधी रीस्टार्ट करा.
- ६७८ आणि ६५१: समोरून उत्तर नाही. एक्सपीवर केबलच्या ब्रॉडबँडला बहुधा ६७८ दिसायचा, विंडोज ७ पासून पुढे ६५१. वायर, केबलवाल्याचा डबा, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर या क्रमाने बघा.

कडी दुसरी: रस्ता

- ८६८: सर्व्हरचं नाव सापडत नाही. स्पेलिंग तपासा, नाहीतर डीएनएस बदलून बघा.
- ८००: सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. पत्ता चूक, इंटरनेट बंद किंवा मध्ये फायरवॉल.
- ६१९: कनेक्शन सुरू होताच तुटलं. पीपीटीपी वापरत असाल तर बहुतेक वेळा मधला राउटर किंवा मोबाईल नेटवर्क त्याला पुढे जाऊ देत नाही.
- ८०९: एलटूटीपी किंवा आयकेईव्हीटू प्रकारात सर्व्हरचं उत्तर येत नाही. यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट वाटेत कुठेतरी अडवलेले असतात. सर्व्हर स्वतःच राउटरच्या मागे असेल तर एलटूटीपीसाठी विंडोज आपणहून नकार देतो, त्यासाठी रजिस्ट्रीत एक नोंद घालावी लागते. ती नोंद ऑफिसच्या आयटीवाल्याकडून घ्या, कुठल्यातरी व्हिडिओखालच्या लिंकवरून नको.

कडी तिसरी: ओळख

- ६९१: युजरनेम-पासवर्ड चूक. पण केबल ब्रॉडबँडला याचा दुसरा अर्थही असतो: महिन्याचा प्लॅन संपलाय. आधी रिचार्ज तपासा, मग कीबोर्डचा कॅप्स लॉक.
- ७८९: एलटूटीपीची सामायिक किल्ली चुकली, किंवा विंडोजमधली आयपीसेकची सर्व्हिस बंद पडली आहे.
- १३८०१: सर्व्हरचं प्रमाणपत्र तुमच्या कॉम्प्युटरला पटत नाही.

कडी चौथी: शेवटची बोलणी

- ७२०: दोघांचं पत्त्यावरून जमलं नाही. बऱ्याचदा विंडोजमधले 'वॅन मिनीपोर्ट' बिघडलेले असतात. डिव्हाईस मॅनेजरमध्ये जाऊन ते अनइन्स्टॉल करायचे आणि 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबायचं. ते पुन्हा ताजे बसतात.
- ७३४: पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनच्या पद्धतीवर एकमत झालं नाही.

सगळ्यात आधी घड्याळ बघा

आता एक साधी गोष्ट, जी जुन्या डेस्कटॉपवर मला सर्वात जास्त सापडते. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख थेट काही वर्षं मागे जाते. मग होतं काय, की समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं कॉम्प्युटरला वाटतं. व्हीपीएन नकार देतो, ब्राउझर लाल इशारा देतो, बँकेची साईट उघडत नाही. मालक म्हणतो व्हायरस आलाय.

कोपऱ्यातली तारीख बघायला दोन सेकंद लागतात आणि सेल काही रुपयांत मिळतो. फॉर्मॅट मारायच्या आधी एवढं बघाच.

याचीच दुसरी बाजू म्हणजे प्रमाणपत्र तपासणारी यादी जुनी असणं. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदतीने संपलं आणि जगभरात अपडेट न झालेल्या कितीतरी यंत्रांवर चांगल्या चालणाऱ्या साईट उघडेनाशा झाल्या. यंत्रात काही बिघाड नव्हता. जग पुढे गेलं होतं आणि यंत्राला कोणी कळवलं नव्हतं.

हॉटस्पॉटचा घोळ

तुमच्यापैकी बहुतेक जण जुन्या कॉम्प्युटरला मोबाईलचा हॉटस्पॉट देता. इथे दोन गोष्टी समजून घ्या.

एक, मोबाईलमध्ये व्हीपीएन ॲप चालू असलं तरी हॉटस्पॉटवर जोडलेला कॉम्प्युटर साधारणपणे त्या व्हीपीएनमधून जात नाही. ॲन्ड्रॉइड असो वा आयफोन, फोनचं व्हीपीएन फोनपुरतं. 'फोनमध्ये लावलंय ना, मग कॉम्प्युटरही सेफ' हा गैरसमज आहे.

दोन, मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता खूप ग्राहकांना वाटून देतात. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि पत्ता एकच, असं समजा. साध्या ट्रॅफिकवर पोर्ट नंबर असतो, म्हणजे खोली नंबर, त्यामुळे पत्र बरोबर घरी जातं. पण पीपीटीपी ज्या जीआरई नावाच्या पद्धतीने डेटा पाठवतं, तिला पोर्ट नंबरच नसतो. पत्र वाड्याच्या दारात येतं आणि तिथेच पडतं. कॉम्प्युटरवर दिसतो एरर ६१९.

म्हणून एक सोपी चाचणी करा. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट लावा, मग शेजारच्या केबल ब्रॉडबँडवर लावून बघा. एका ठिकाणी चालतं आणि दुसरीकडे नाही, म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, रस्ता दोषी. सगळीकडे तोच एरर, म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग किंवा सर्व्हर. या एका चाचणीने अर्धा शोध संपतो.

कुंभमेळ्याच्या दिवसांत तर रामकुंड परिसरात एका टॉवरवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फोन असणार. ज्यांचा धंदा व्हीपीएनवर अवलंबून आहे त्यांनी फक्त हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नये. केबलची लाईन आणि पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम, एवढी तयारी आधीच हवी.

दुरुस्ती नेमकी कुणाच्या हातात?

आता मुद्द्याचं. या सगळ्या एररकडे आपण 'कॉम्प्युटर जुना झालाय' असं म्हणून बघतो. मला हे अर्धसत्य वाटतं.

पीपीटीपीचं उदाहरण घ्या. त्याची पासवर्ड तपासायची पद्धत तोडता येते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवून झालं. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० मधून पीपीटीपी काढून टाकलं. ॲन्ड्रॉइड १२ पासून नवीन पीपीटीपी किंवा एलटूटीपी कनेक्शन बनवताच येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून या दोन्ही पद्धती निवृत्त होणार. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनने जी पद्धत नाकारली, तीच बाबांच्या दुकानात अजून चालवली जाते. का? कारण समोरच्या ऑफिसातला सर्व्हर कोणी बदललेला नाही.

इथे दुकानदाराने नवा कॉम्प्युटर घेतला तरी उपयोग शून्य, कारण कमकुवत दार समोर आहे. आणि कित्येकदा समोरून सल्ला काय येतो? फायरवॉल बंद करा, एन्क्रिप्शनचा टिक काढा, अँटीव्हायरस काढून टाका. एरर जातो खरा, पण दाराचं कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे. त्या कॉम्प्युटरवर पार्टीचे हिशेब, जीएसटीचे पासवर्ड, डिजिटल सहीचं टोकन असतं. नुकसान झालं तर सल्ला देणारा भरून देत नाही.

दुसरी बाजूही बघा. कधी कधी चूक खुद्द अपडेटची असते. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटने एलटूटीपी कनेक्शन तोडली होती, १७ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. एप्रिल २०२४ च्या अपडेटनेही व्हीपीएन बिघडवलं, ते मे महिन्याच्या अपडेटमध्ये सुधारलं. म्हणून 'काल चालत होतं, आज नाही' असं झालं तर आधी अपडेट हिस्ट्री उघडून काल रात्री काय बसलं ते बघा. पण लक्षात घ्या, सपोर्ट संपलेल्या विंडोजवर अशी दुरुस्ती येणारच नाही. जे मोडलं ते मोडलं.

फुकटचं व्हीपीएन आणि कायदा

एरर आला की बरेच जण प्ले स्टोअरवरून किंवा कुठून तरी मिळालेलं फुकट व्हीपीएन टाकतात. ऑफिसचं व्हीपीएन लागत नसेल तर बाजारातलं व्हीपीएन त्याची जागा घेऊ शकत नाही. ऑफिसचं व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या आत जायची वाट. बाजारातलं व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा ट्रॅफिक एका तिसऱ्या माणसाच्या घरातून नेणं. तो माणूस फुकट का नेतोय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

'व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का?' हेही बऱ्याचदा विचारलं जातं. देशभर सरसकट बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे माहिती ५ वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही माहिती ठेवायची अट लागू नाही, हे सर्ट-इनने नंतर स्पष्ट केलं. काही भागांत स्थानिक प्रशासन तात्पुरती बंदी घालतं, जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत तसे आदेश निघालेत. तेव्हा प्रवासात असाल तर तिथला नियम बघा.

आणि हो, 'एरर काढून देतो, स्क्रीन शेअर करा' म्हणून अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो ठेवून द्या. कनेक्शनचा एरर बाहेरच्या माणसाला आपोआप कळत नाही.

मग करायचं काय?

मी जो क्रम पाळतो तो असा:

१. तारीख-वेळ तपासा.
२. एररचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. 'कायतरी इंग्लिशमध्ये आलं' यावरून कोणीच मदत करू शकत नाही.
३. साधं इंटरनेट चालतंय का बघा. तेच नसेल तर व्हीपीएनला दोष देऊ नका.
४. दुसऱ्या नेटवर्कवर चाचणी करा.
५. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टाईप ऑफ व्हीपीएन' बघा. तिथे पीपीटीपी असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. समोरच्या ऑफिसला लेखी विचारा: आयकेईव्हीटू, एसएसटीपी, ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्डपैकी काय देणार आणि कधी?
६. विंडोज १० असेल तर आवृत्ती २२एच२ आहे का बघा आणि वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर घरगुती वापरासाठी पैसे लागत नाहीत.
७. कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो का तपासा. टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बसत नसेल तर आत्तापासून पैसे बाजूला टाका. ऐन सिंहस्थात घाईने घ्यायला लागलं तर महाग पडेल.
८. आणि आज रात्रीच हिशेबांची एक प्रत पेन ड्राईव्हवर काढा. तो पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा.

यातलं पाचवं कलम मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे आपण गप्प बसतो. पेढीवरचा मुनीम किंवा गाळ्यावरचा पोरगा मोठ्या कंपनीच्या आयटीवाल्याला प्रश्न विचारायला कचरतो. तुम्ही विचारू शकता. तुम्हाला एररचा अर्थ माहीत आहे, आणि तुमच्या फोनने ती पद्धत का सोडली हेही.

अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. तीसहून जास्त वर्षं चाललेली सेवा, पण तारीख आधी जाहीर केली आणि लोकांना तयारीला वेळ मिळाला. आपल्याकडच्या जुन्या सर्व्हरना अशी तारीख कोणी लावत नाही, ते एक दिवस नुसते उत्तर द्यायचे थांबतात. म्हणून तारीख आपणच लावायची. पंचवटीपुरती तरी ती १३ ऑक्टोबर २०२६ असावी असं मला वाटतं. ध्वज लागायच्या आधी दुकानातली ही एक गोष्ट मार्गी लागलेली बरी.